नेम धरला तरी फैर मागंच का राहते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका चोवीस वर्षांच्या वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात सांगायचं तर घरी आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, आहे, परवाना आता वडिलांच्या नावावर आहे आणि तो पीक संरक्षणासाठीचा आहे. वावरातल्या जुन्या विहिरीत पारव्यांची वस्ती आहे. हरभरा पेरला की थवाच्या थवा पेरलेल्या ओळींत उतरतो. मागच्या हंगामात या मुलानं उडत्या थव्यावर बार टाकून पाहिले, पण हाती काही लागलं नाही. 'नेम त बराबर धरतो काका, पण पाखरू निंगून जाते. किती पुढं धराव? अन् हात बसाले काय कराव?' हा त्याचा मुख्य प्रश्न. सोबत दोन जोडप्रश्न आहेत. गावातले म्हातारे म्हणतात की पारव्याला कायदा लागू नाही, ते खरं का? आणि आजीला लकवा मारलाय, तिला पारव्याचं रक्त चोळा असं कुणी सांगितलंय, तर चोळावं का?

बाबू,

आधी आजीचं सांगतो. रक्त चोळू नका आणि पाजू तर मुळीच नका. लकवा बहुतेक वेळा मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यानं येतो, त्याचा पाखराच्या रक्ताशी काही संबंध नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका. फिजिओथेरपीवाल्याकडून हातापायाचे व्यायाम शिकून घ्या आणि घरच्यांपैकी कुणीतरी ते रोज करून घ्या. पहिल्या काही महिन्यांत जेवढं करून घ्याल तेवढं हाती लागतं. पारव्याच्या मागं धावण्यात हाच वेळ वाया जातो.

आता कायदा. तुमच्या गावचे म्हातारे खोटं बोलत नाहीत, जुनं बोलतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा कबुतरांच्या कुळातले पक्षी चौथ्या अनुसूचीत घातले होते, पण त्यातून निळा पारवा नाव घेऊन वगळला होता. 'पारव्याला कोणी विचारत नाही' हे वाक्य तेव्हापासून गावोगावी चालत आलंय. पुढं 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली, अनुसूच्यांची सगळी मांडणी बदलली आणि पारवा दुसऱ्या अनुसूचीत आला. आज तो मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. होल्यांना आणि हरियालाला तर आधीपासूनच संरक्षण होतं. हरियाल म्हणजे आपल्या राज्याचा पक्षी, पिवळ्या पायांचा, उंबर-पिंपळाची फळं खाणारा. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात पन्नास हातांवरून सुसाट जाणारा थवा पारव्यांचा की हरियालांचा, हे बंदूक खांद्याला लावल्यावर ओळखू येत नाही.

हा कायदा फक्त बंदुकीपुरता आहे असंही समजू नकोस. फासा लावणं, जाळं टाकणं, अंडी फोडणं, घरटं उसकटणं, हे सगळं शिकारीतच मोजलं जातं. एअरगनचंही तेच. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून पोरं ती घेऊन बाभळीखाली बसतात. बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ पाखरू मारायला परवानगी आहे असा होत नाही.

तुला कोणीतरी असंही सांगेल की पिकाच्या नासाडीसाठी वन विभाग शिकारीची परवानगी देतो. देतो, पण लेखी, अर्ज केल्यावर, आणि आपल्याकडं ती रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) असते. त्या कागदावर पारवे मारता येत नाहीत.

आणि एक गोष्ट तू पत्रात सहज लिहून गेलास, पण मला तीच सगळ्यात खटकली. परवाना वडिलांचा आहे आणि बार तू टाकतोस. शस्त्र परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. वडील शेजारी उभे असले तरी चाप तू ओढायचा नाही. ही गोष्ट ठाण्यापर्यंत गेली तर तुझ्यावर गुन्हा दाखल होईल, वडिलांचा परवाना जाईल आणि आजोबांची दुनळी जमा होईल.

हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस आठव. शेजारच्या वावरात कापूस वेचणी चालू असते. पुरुषभर उंच तुरीच्या आड वाकून वेचणाऱ्या बाया धुऱ्यावरून (बांधावरून) दिसत नाहीत. पारवे विहिरीतून निघतात ते डोक्याच्या उंचीनं. त्या उंचीवर टाकलेल्या बाराचे छर्रे शेजाऱ्याच्या वावरातच जातात. बारीक छर्रासुद्धा दीड-दोनशे मीटर सहज जातो.

पिकाचं कसं करायचं ते सांगतो. आधी पारवा काय खातो ते नीट पाहा. तो जमिनीवर चालत दाणे टिपणारं पाखरू आहे. पोपटासारखा कणसाला लटकत नाही, ज्वारीच्या कणसावर दिसतात ते बहुतेक दुसरे पक्षी. हरभऱ्यात तो टिपतो ते उघडं राहिलेलं बी. म्हणजे तुझं नुकसान मुख्यतः पेरणीपासून उगवण होईपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत होतं. तिफण किंवा पेरणी यंत्र उथळ चाललं, काकर उघडी राहिली, धुऱ्याशी वळताना बी सांडलं, की थवा बरोबर तिथंच उतरतो. बी चार-पाच सेंटिमीटर खाली जाऊ दे, मागून फळी फिरव आणि वळणावर सांडलेलं झाडून घे. निम्मा त्रास तिथंच संपतो.

उरलेले दिवस सकाळ-संध्याकाळ राखण करावी लागेल, त्याला इलाज नाही. लाल-रुपेरी चमकी पट्टी आणून वावरात ताण. पण ती सरळ ताणू नकोस, पीळ देऊन ताण, म्हणजे वाऱ्यानं गुणगुणते. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदल. पारवा हुशार पक्षी आहे, एकाच जागी उभं असलेलं बुजगावणं त्याला चौथ्या दिवशी बसायला बरं वाटतं. गोफण वाजव, पण खडा थव्यावर नको, आभाळात जाऊ दे. आणि विहिरीवर जाळी टाकायची असेल तर आधी दुपारच्या उजेडात आत वाकून कोनाडे पाहून घे. घरटी असतील तर थांब. पारव्यांची वीण जवळजवळ वर्षभर चालते, पण मधेमधे विहीर रिकामी पडते. तेव्हाच जाळी बांध, तीही एकही पाखरू आत अडकणार नाही अशी.

आता तुझा खरा प्रश्न. तुझ्या पत्राची चार पानं याच प्रश्नावर आहेत, म्हणून मी तो गांभीर्यानं घेतो. उडत्या लक्ष्यावर फैर मागं का राहते? पाखरांवर हे वापरायचं नाही, पण हे कसब खरं आहे, जगभर खेळ म्हणून खेळलं जातं, आणि त्यामागचं गणित तुला समजलं तर मागच्या हंगामातले बार कुठं गेले तेही कळेल.

बारा बोअरचे छर्रे नळीतून साधारण 400 मीटर प्रतिसेकंद वेगानं निघतात आणि लगेच मंदावू लागतात. 30 मीटरवर पोचायला त्यांना सेकंदाचा सुमारे अकरावा भाग लागतो. समोरून ताशी 60 किलोमीटरनं काही आडवं जात असेल तर तेवढ्या वेळात ते सुमारे दीड मीटर पुढं सरकतं. त्या अंतरावर छर्ऱ्यांचा फुलोरा कामापुरता पसरतो तो जेमतेम मीटरभर. म्हणजे ठीक लक्ष्यावर नेम धरून मारलेला बार पूर्ण मागं पडणारच. तू 'बराबर' नेम धरतोस, तिथंच गडबड आहे.

पण दीड मीटरचा हा हिशेब एवढ्यावर संपत नाही. चाप ओढायचं ठरवल्यापासून बार निघेपर्यंत माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. नवशिक्या त्या क्षणी काय करतो? नळी थांबवतो. त्याला वाटतं नीट नेम धरून मारू. थांबलेल्या नळीसमोरून लक्ष्य त्या पाव सेकंदात आणखी तीन-चार मीटर निघून जातं. म्हणजे पुढं किती धरायचं याच्यापेक्षा नळी थांबू न देणं दुपटीनं महत्त्वाचं आहे. किती फूट, किती हात, असं विचारणारे सगळे इथंच अडकतात. ज्याची नळी चालती राहते त्याला तो आकडा थोडा चुकला तरी चालून जातो.

सुरुवातीला शिकायला सोपी रीत अशी: नळी लक्ष्याच्या मागून आण, त्याच्याच वाटेनं आण, त्याला गाठ, ओलांड, ओलांडताना चाप ओढ आणि बार झाल्यावरही नळी तशीच पुढं जाऊ दे. पुढं अनुभव आला की काही जण सुरुवातीपासूनच ठरावीक अंतर पुढं ठेवून चालतात. स्कीट, म्हणजे आडव्या उडत्या थाळ्यांवरची नेमबाजी, खेळणारे बरेच जण तसं करतात. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण पहिले काही महिने एकच धर.

दुसरी चूक माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा, पाहण्याची. रायफलीला माशी पाहावी लागते, छर्ऱ्याच्या बंदुकीला पाहायची नसते. नजर माशीवर गेली की हात थांबतो, हे मेंदू आपोआप करतो. नजर लक्ष्याच्या पुढच्या कडेवर ठेव. नळी नजरेच्या कोपऱ्यात धूसर दिसत राहील, तेवढं पुरे. दोन्ही डोळे उघडे ठेव. आता तुझा धनी डोळा कुठला ते बघ: दूरच्या विजेच्या खांबाकडं दोन्ही डोळे उघडे ठेवून बोट दाखव, मग डावा डोळा मिट. बोट खांबावरच राहिलं तर उजवा डोळा धनी. सरकलं तर डावा. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा डावा डोळा धनी निघाला तर आयुष्यभर बार एका बाजूला जातात आणि माणूस काडतुसाला शिव्या देत राहतो.

तिसरी चूक दस्त्याची, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या लाकडी भागाची. दस्ता आधी गालाला भिडायला हवा, मग खांद्यात बसायला हवा. पोरं उलटं करतात: खांद्याला ठोकतात आणि मग मान वाकवून गाल शोधतात. तोवर लक्ष्य गेलेलं असतं. आणि फुटलं का ते पाहायला डोकं वर उचललं की बार वरून जातो. पाय रोव ते लक्ष्य दिसतं त्या दिशेला नव्हे, ते जिथं फुटायला हवं त्या दिशेला. भार थोडा पुढच्या पायावर, आणि वळायचं कमरेतून, नुसत्या हातांनी नाही.

आणि थव्यावर बार. थव्यात पाखरं कमी आणि हवा जास्त असते. पुष्कळ दिसतात म्हणून नेम कुणा एकावर राहत नाही. त्यातही वाईट म्हणजे कडेच्या एखाद-दुसऱ्याला छर्रा टोचतो आणि ते तसंच उडत जाऊन दोन शिवारं पलीकडं तडफडून मरतं. तुला पडलेलं पाखरू दिसलं नाही, म्हणजे लागलंच नाही असं नसतं.

याचा सराव बंदुकीशिवाय करता येतो, आणि सुरुवातीला तसाच करावा. गावच्या सुताराकडून तुझ्या हाताच्या मापाचा लाकडी नमुना करून घे. दस्ता, नळी, वजन साधारण खऱ्यासारखं. तोंडाशी चिंचोळ्या झोताची लहान टॉर्च बांध. रात्री घरात भिंत आणि छत जुळतात ती रेघ धर, किंवा मयालीची (छताच्या आडव्या तुळईची) कड धर. नमुना कमरेशी ठेवून उभा राहा, दस्ता गालाला आण आणि टॉर्चचा ठिपका त्या रेघेवरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ने. पहिल्या दिवशी ठिपका साप चालल्यासारखा वर-खाली जाईल आणि नमुना गालाला लागताना दर वेळी धक्का बसून उडेल. तो धक्का दिसेनासा झाला, ठिपका रेघेला चिकटून एका लयीत जाऊ लागला, की तुझा हात बसला. रोज दहा मिनिटं पुरेत, जास्त केलंस तर खांदा थकतो आणि चुकीची सवय लागते.

दुसरा सराव कॅमेऱ्याचा. मित्राकडं लांब लेन्सचा कॅमेरा असेल तर विहिरीतून निघणारे पारवे टिप. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेव. तिथंही तेच नियम लागतात: मागून ये, सोबत चाल, बटण दाबताना थांबू नकोस, दाबल्यावरही चालत राहा. थांबलास की चौकटीत शेपूट येते किंवा रिकामं आभाळ. बार कुठं गेला ते कधी दिसत नाही, पण फोटो तुझी चूक लगेच दाखवतो, म्हणून शिकायला हे बंदुकीपेक्षा बरं, असं माझं मत आहे.

खऱ्या बंदुकीनं खरं उडतं लक्ष्य फोडायचं असेल तर ट्रॅप आणि स्कीट हे दोन ऑलिम्पिक खेळ आहेत. एके काळी या खेळात खरी कबुतरं सोडत. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. त्याआधीच, 1880 साली अमेरिकेत लिगोव्स्की नावाच्या गृहस्थानं कबुतराऐवजी हवेत उडवायच्या मातीच्या थाळीचं पेटंट घेतलं होतं, आणि हळूहळू तीच सगळीकडं रूढ झाली. आजची थाळी मातीची नसते, डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची असते. 110 मिलिमीटर व्यास, साधारण 105 ग्रॅम वजन. ट्रॅपमध्ये पुढच्या खंदकातल्या 15 यंत्रांतून ती तुझ्यापासून दूर, कुठल्याही कोनात निघते. स्कीटमध्ये दोन बाजूंच्या घरांतून आडवी जाते, आणि ती दिसेपर्यंत बंदूक कमरेशी ठेवावी लागते. तुझी आवड पाहता तुला स्कीट रुचेल, विहिरीवरच्या पारव्याच्या चालीशी तेच जुळतं.

आपल्या देशात हे कुणी करत नाही असं नाही. बिकानेरचे डॉ. कर्णी सिंग यांनी 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य जिंकलं. राज्यवर्धनसिंग राठोड यांचं 2004 चं अथेन्सचं रौप्य डबल ट्रॅपमधलं होतं, तो प्रकार नंतर ऑलिम्पिकमधून निघाला. 2024 मध्ये पॅरिसला महेश्वरी चौहान आणि अनंतजितसिंग नारुका यांचं स्कीट मिश्र सांघिकचं कांस्य एका थाळीनं हुकलं. आणि नेमबाजी विदर्भाच्या मातीत नाही असं म्हणणाऱ्याला नागपूरच्या ओजस देवतळेचं नाव सांग. तो धनुष्यबाणावर 2023 साली बर्लिनला विश्वविजेता झाला.

तरी खर्चाचं आधीच सांगून ठेवतो. स्पर्धेत 125 थाळ्या असतात, ट्रॅपमध्ये पात्रता फेरीत प्रत्येक थाळीला दोन बार टाकता येतात, त्यामुळं एका स्पर्धेत अडीचशेपर्यंत काडतुसं लागू शकतात. सरावाची वेगळी. ट्रॅप-स्कीटच्या मोठ्या रेंज आपल्यापासून लांब आहेत. दिल्लीची डॉ. कर्णी सिंग रेंज 1982 च्या आशियाई खेळांसाठी बांधलेली, ती यातली नावाजलेली. आपल्याकडं जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल ती बहुतेक 10 मीटर एअर रायफल किंवा पिस्तुलाची रेंज. तिथं सुरुवात करायला हरकत नाही, पण एक ध्यानात ठेव: रायफल स्थिर राहायला शिकवते आणि थाळीची बंदूक चालतं राहायला. रायफलीनं चापाची शिस्त आणि श्वास सुधारेल, झोका, म्हणजे लक्ष्यासोबत नळी चालती ठेवणं, नाही सुधारणार. झोका त्या टॉर्चनंच. तुझा धाकटा भाऊ कॉलेजात आहे असं लिहिलंयस, त्याला एनसीसीत घाल. तिथं .22 रायफलची फैर रीतसर शिकवतात.

यवतमाळला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, जिल्हा रायफल संघटनेची चौकशी कर, सभासद होण्याची रीत विचार. क्लबच्या शस्त्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीत शिकता येतं का हे पहिल्यांदा विचार. नवीन बंदूक घेण्याचा विषय त्यानंतर. जाताना आधार कार्ड, फोटो आणि जन्मतारखेचा दाखला घेऊन जा. दुनळी वडिलांच्या कुलपातच राहू दे.